क्यूआरवर रुपे क्रेडिट कार्ड घ्यायचं की बंद करायचं? वह्या-पुस्तकांच्या दुकानाला कितपत परवडतं?

वहीवाला_एबीसी

नमस्कार मंडळी. आमचं पुण्यात अप्पा बळवंत चौकात, म्हणजे एबीसीत, शालेय पुस्तकं आणि स्टेशनरीचं दुकान आहे, आजोबांपासून चालू आहे, आता बाबा आणि मी बसतो. काउंटरवर क्यूआर आहे, बोलणारा डबा आहे, कार्डाचं मशीन घेतलेलं नाही. गेल्या दोनेक वर्षांत गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करून रुपे क्रेडिट कार्डातून पैसे द्यायला लागलंय आणि खरं सांगायचं तर समोरचा खात्यातून देतोय की क्रेडिट कार्डातून हे आपल्याला त्या वेळी कळतच नाही, डबा बोलतो इतके रुपये मिळाले, आपण पिशवी देतो, विषय संपला.

गेल्या जूनमध्ये एका बाईंनी दोन मुलांची पुस्तकं-वह्या मिळून ८,४०० चं बिल स्कॅन करून दिलं आणि दुसऱ्या दिवशी जमा रकमेत १९८ रुपये २४ पैसे कमी. मी आधी समजलो काहीतरी चूक झाली. फोन केला तर म्हणाले क्रेडिटचं पेमेंट आहे, चार्ज लागतो. क्यूआर लावायला जो मुलगा आला होता तो तर छातीठोकपणे सांगून गेला होता की काका एक रुपयासुद्धा कापला जाणार नाही. पाठ्यपुस्तकांत आम्हाला सुटतं किती हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको, त्यातून असे दोन-अडीच टक्के गेले तर जूनची सगळी धावपळ कोणासाठी करायची असं बाबा म्हणतात आणि ते चुकीचं बोलत नाहीयेत.

तर प्रश्न असे. एक, हा चार्ज नक्की कशाचा आणि कधी लागतो. दोन, तो गिऱ्हाइकाकडून घेता येतो का. तीन, क्रेडिट तेवढं बंद करून बाकी यूपीआय चालू ठेवता येतं का. आणि बाबांनी कुठंतरी ऐकलंय की आता साध्या यूपीआयवरपण चार्ज येणार, त्यात किती तथ्य आहे? जाणकारांनी प्लीज सविस्तर सांगा, सीझनच्या आधी ठरवायचंय.

---

मशीनवाला_नारायणपेठ

दादा, मी दुकानांना मशीन आणि क्यूआर पुरवणाऱ्या लाइनमध्येच आहे, नऊ वर्षं झाली, त्यामुळे जेवढं पक्कं माहितीय तेवढं सांगतो.

तुमचे १९८.२४ बरोबर आहेत. ८,४०० चे दोन टक्के १६८, त्यावर १८ टक्के जीएसटी ३०.२४. या दोन टक्क्यांना एमडीआर म्हणतात आणि तो सगळा क्यूआरवाल्या कंपनीच्या खिशात जात नाही, त्यातला मोठा हिस्सा जातो ज्या बँकेनं गिऱ्हाइकाला कार्ड दिलंय तिला, कारण गिऱ्हाइकाला महिना-दीड महिना बिनव्याजी पैसे तिनं वापरायला दिलेले असतात, त्याचे पॉइंट आणि कॅशबॅकपण त्यातूनच निघतात. उरलेलं नेटवर्क आणि तुमची बाजू सांभाळणारी कंपनी वाटून घेते.

आता घोळ कुठं झालाय ते बघा. खात्यातून खात्यात जाणारं यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांच्यावर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे. तो मुलगा तुम्हाला जे सांगून गेला ते या पैशांबद्दल खरं होतं. पण सप्टेंबर २०२२ मध्ये रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायची सोय आली आणि तेव्हापासून एकाच क्यूआरवर दोन वेगळ्या जातीचे पैसे येतात, एक खात्यातले आणि एक उसने. उसन्यावर क्रेडिट कार्डाचा नियम लागतो. लहान दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर यातून सूट आहे, म्हणून वही-पेनाच्या बारीकसारीक बिलांवर तुमचं काही कापलं गेलं नसेल आणि ८,४०० वर गेलं. एकदा कंपनीला विचारून घ्या की तुमचं दुकान त्यांच्याकडे लहान दुकानदार म्हणून नोंदलंय की नाही, बऱ्याच ठिकाणी ही नोंदच चुकीची सापडते. वॉलेटमधून यूपीआय केलं तर त्याचाही वेगळा नियम आहे, १ एप्रिल २०२३ पासून २,००० च्या वर १.१ टक्क्यापर्यंत शुल्क आहे पण तेही गिऱ्हाइकाला लागत नाही.

गिऱ्हाइकाकडून दोन टक्के जास्त घेणं. घेऊ नका. डेबिट कार्डाच्या बाबतीत तर रिझर्व्ह बँकेनं २०१७ च्या परिपत्रकातच बँकांना सांगितलंय की दुकानदार हा चार्ज गिऱ्हाइकावर टाकणार नाही हे बघा, आणि क्रेडिटसाठी तुम्ही जो करार सही केलाय त्यात बहुतेक हेच कलम असतं. उद्या कोणी तक्रार केली तर क्यूआरच बंद होईल.

क्रेडिट तेवढं बंद करता येतं का, तर माझ्या ओळखीतल्या बऱ्याच दुकानदारांनी आपापल्या कंपनीला लेखी मेल टाकून करून घेतलंय, ॲपमध्ये पर्याय नसला तर मेल करा, तोंडी सांगण्यावर राहू नका.

साध्या यूपीआयवर चार्ज येणार ही बातमी दर सहा महिन्यांनी फिरते. जून २०२५ मध्येही जोरात फिरली तेव्हा अर्थ मंत्रालयानं स्वतः ती खोटी असल्याचं जाहीर केलं होतं.

---

रविवार_पेठ_होलसेल

२,००० पर्यंत सूट आहे ना मग सोपं आहे की, ८,४०० चं बिल पाच तुकड्यांत स्कॅन करून घ्यायचं. आमच्या गल्लीत सगळे करतात.

---

मशीनवाला_नारायणपेठ

@रविवार_पेठ_होलसेल भाऊ असं चुकूनही सुचवू नका. एकाच कार्डावरून पाच मिनिटांत पाच व्यवहार झाले की सिस्टीममध्ये लगेच दिसतं, पैसे अडकून पडतात आणि मग सीझनमध्ये तुम्ही बिलं घेऊन मेल करत बसता. मागच्या वर्षी लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानदाराचं असंच झालं, अकरा दिवस पैसे आले नाहीत, ऐन दिवाळीत.

---

चांदणी_चौक_रोज

दुकानदारांच्या बाजूचं वर आलंच आहे, मी गिऱ्हाइकाच्या बाजूनं लिहितो कारण मी स्वतः यात पोळलोय आणि अजून त्यातून पूर्ण बाहेर आलेलो नाही.

मी हिंजवडीला नोकरी करतो. माझ्याकडे क्रेडिट कार्ड सहा-सात वर्षांपासून होतं पण ते पाकिटात असायचं, वर्षातून पाच-सहा वेळा बाहेर यायचं, विमानाचं तिकीट, फ्रिज असलं काही. २०२३ मध्ये रुपेचं कार्ड घेतलं, व्हर्च्युअल, हातात काही येतच नाही, ॲपमध्ये जोडलं आणि कॅशबॅक मिळतो म्हणून तेच डिफॉल्ट करून टाकलं. त्या दिवसापासून चहा, वडापाव, रिक्षा, भाजी, दाढी सगळं त्याच्यावर. खात्यातून पैसे जाताना बॅलन्स कमी होताना दिसतो आणि हात आखडतो, इथं तसं काहीच होत नव्हतं, पगार झाल्यावर खातं विसाव्या तारखेलापण भरलेलंच दिसायचं आणि त्या भरलेल्या खात्याकडे बघून मी आणखी खर्च करत गेलो. तिसऱ्या महिन्यात बिल आलं ३१ हजार आणि त्यातली एकही वस्तू मला आठवेना की बाबा ही मी घेतली. सगळी चाळीस-पन्नास-दीडशेची एंट्री.

मग मी सगळ्यात मोठी चूक केली, मिनिमम ड्यू भरला. तिथं लिहिलेलं असतं इतके भरा, आपल्याला वाटतं चला भागलं. माझ्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के आहे, म्हणजे वर्षाला ४२. तीस हजार बाकी राहिले तर महिन्याचं व्याज १,०५०, त्यावर जीएसटी १८९, म्हणजे १,२३९ रुपये नुसते जागच्या जागी उभं राहायचे. आणि एकदा का पूर्ण बिल भरायचं चुकलं की नवीन खरेदीवरची बिनव्याजी मुदतपण जाते, म्हणजे आज घेतलेल्या चहावर आजपासून व्याज. हे मला चौथ्या महिन्यात कळलं. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं कार्डांच्या व्याजावरची ३० टक्क्यांची जुनी मर्यादाही रद्द केलीय, त्यामुळे वरून कोणी थांबवेल ही आशा नको.

आता मी डिफॉल्ट परत बँक खातं केलंय आणि लहानसहान खर्चाला यूपीआय लाइट वापरतो, त्यात जास्तीत जास्त ५,००० च राहतात आणि एका वेळी १,००० च्या वर जात नाही, पिनपण लागत नाही. आठवड्याला ठरावीक रक्कम टाकतो, संपली की संपली. मला याचा खरंच उपयोग झाला.

वहीवाले दादा, तुम्हाला क्रेडिट बंद करावंसं वाटत असेल तर करा, माझ्यासारख्या दोन-चार जणांचं भलंच होईल.

---

निवृत्त_रोखपाल

अरे मुलांनो, चर्चा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीच वर्षं लक्ष्मी रोडच्या आसपासच्या शाखांत.

क्रेडिट कार्डावर दुकानदाराचे पैसे कापले जाणं ही काही आजची गोष्ट नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात मोजक्या दुकानांत लोखंडी मशीन असायचं, कार्ड खाली ठेवायचं, वर कार्बनची स्लिप, आणि दांडा इकडून तिकडं ओढायचा की कार्डावरचे उठावाचे आकडे स्लिपवर उमटायचे. मोठं बिल असलं तर दुकानदार फोन करून मंजुरी घ्यायचा, चोरीच्या कार्डांची छापील यादी यायची ती चाळायचा. मग स्लिपा बँकेत भरायच्या आणि बँक आपला हिस्सा कापून पैसे द्यायची. तेव्हाही साड्यांचे व्यापारी असेच चिडायचे. फरक एवढाच की तेव्हा कार्ड घेऊन येणारा शंभरात एखादा असायचा आणि ते मशीन दुकानात ठेवायचं का नाही हे दुकानदार विचार करून ठरवायचा. आता त्याला न विचारता ते क्यूआरच्या आत आलंय, हे मला पटत नाही आणि वहीवाल्याचा राग मला रास्त वाटतो.

दुसरं सांगतो. तुझ्या आजोबांच्या दुकानात लाल कापडाची खातेवही असणार. त्यात कोणाची उधारी लिहायची आणि कोणाला हात जोडायचे हे ते ठरवत होते, कारण त्यांना माणूस माहीत होता, त्याचं घर माहीत होतं, पगाराची तारीख माहीत होती. बुडाले तर त्यांचे बुडत, पण गिऱ्हाईक त्यांचं राहायचं. आता उधार देणारी बँक आहे, व्याज खाणारी तीच, गिऱ्हाईक तिचं, आणि या सगळ्याची वर्गणी मात्र काउंटरवर बसलेला भरतो. चांदणी चौकवाल्या मुलाला कोणी वाण्यानं वहीवर तीस हजारांची उधारी दिली नसती रे, पाच हजारांवरच त्यानं विचारलं असतं, काय रे सगळं ठीक आहे ना घरी?

पण नवीन ते सगळं वाईट असंही मी म्हणणार नाही. मी कार्डांच्या फसवणुकीच्या तक्रारी हातानं लिहून घेतल्यात. काळ्या पट्टीच्या कार्डाची नक्कल करून लोकांचे पैसे काढायचे, ते चिपचं कार्ड आल्यावर खूप आवरलं, २०१८ च्या अखेरपर्यंत जुनी कार्डं बदलायला लावली होती. १ ऑक्टोबर २०२२ पासून खरेदीच्या साइटला तुमचा कार्ड नंबर साठवून ठेवता येत नाही, त्याजागी टोकन, म्हणजे नंबराऐवजीचा वेगळाच कोड असतो, ते चोरीला गेलं तरी दुसरीकडं चालत नाही. परदेशातले, ऑनलाइन आणि नुसतं टेकवून होणारे व्यवहार तुम्ही ॲपमधून बंद-चालू करू शकता, ते जरूर करा, परदेशी कोण जातंय रोज? न मागता कार्ड देणं हे २०२२ च्या नियमांनुसार चालत नाही. आणि कार्ड बंद करायचा अर्ज दिल्यावर बाकी काही नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद झालं पाहिजे, नाहीतर बँकेनं दिवसाला ५०० रुपये दंड द्यायचा आहे. फार कमी लोक तो मागतात. मागा.

वहीवाल्या, एक प्रश्न. ते जे ३०.२४ जीएसटीचे गेले ते परत मिळतील असं कोणी तुला सांगितलं असेल तर जपून. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबरही शून्यावर आलेत. जिथं विक्रीवर कर नाही तिथं खर्चावरच्या कराची वजावटही मिळत नाही. पेन, दप्तरं असल्या मालाच्या प्रमाणात काय मिळेल तेवढंच. सीएला विचार.

---

कर्वेनगर_ताई

काका किती छान लिहिलंत. पण मला दुसरी बाजू मांडायचीय, रागावू नका कोणी.

मी एबीसीत दरवर्षी जूनमध्ये येणारी आई आहे. दोन मुलं, एक सातवीत एक चौथीत. मेच्या शेवटी शाळेची फी, बसची फी, गणवेश, बूट आणि त्यावर पुस्तकं, हे सगळं पंधरा दिवसांत येतं आणि मिस्टरांचा पगार सात तारखेला. अशा वेळी क्यूआरवर क्रेडिट चालतं हा मला फार मोठा आधार आहे, मी दर महिन्याला पूर्ण बिल भरते, आजपर्यंत एक रुपया व्याज दिलेलं नाही. ज्या दुकानात क्रेडिट चालत नाही तिथून मी दोनदा परत गेलेय कारण खात्यात तेवढे नव्हते. त्यामुळे वहीवाले दादा, सरसकट बंद करण्याआधी विचार करा, १९८ रुपये वाचवायच्या नादात ८,४०० चं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जायला नको. वाटलं तर पाटी लावा की शक्य असेल तर खात्यातून द्या, आम्हाला चार्ज लागतो. मला कोणी असं सांगितलं असतं तर मी निम्मे तरी खात्यातून दिले असते, पण आजपर्यंत कुठल्याच दुकानात हे कोणी बोललेलं नाही, आम्हाला वाटतं सगळं फुकट आहे.

आणि विषय निघालाच आहे तर माझ्या आईचं सांगते. ती ७२ वर्षांची, पेठेत एकटी राहते, तिला स्वतःच्या खात्याला यूपीआय जोडायची भीती वाटते आणि ती भीती मला चुकीची वाटत नाही. तिला मी यूपीआय सर्कलमध्ये घेतलंय, ऑगस्ट २०२४ मध्ये आलं ते, म्हणजे पैसे माझ्या खात्यातून जातात, स्कॅन ती करते. पूर्ण मोकळीक दिली तर एका वेळी ५,००० आणि महिन्याला १५,००० ची मर्यादा असते, नाहीतर दर वेळी मला विचारणा येते आणि मी पिन टाकला की मगच जातात. मी दुसरा पर्याय ठेवलाय. आता ती मंडईत कोथिंबीर घेते आणि मला ऑफिसमध्ये समजतं आज आईनं कोथिंबीर घेतली, मला त्याचं इतकं बरं वाटतं की काय सांगू, फोन न करताच कळतं ती बाहेर पडलीय, बरी आहे. मेट्रोसाठी तिला वन पुणे कार्ड काढून दिलंय, गेटवर टेकवलं की झालं, त्यात पैसे भरलेले असतात त्यामुळे खाली भुयारात रेंज असो नसो काही फरक पडत नाही.

हे सगळं का केलं तर गेल्या वर्षी तिला एक फोन आला, तुमच्या कार्डाचं लिमिट वाढवून देतो, हे ॲप डाउनलोड करा म्हणून व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली. आईनं ती उघडली. तिचे मेसेज त्यांना दिसायला लागले आणि ४६ हजार गेले. मी पंचवीस मिनिटांत सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला, बँकेलाही लेखी कळवलं, त्यातले २९ हजार पुढं जायच्या आत अडकवले गेले आणि दोन महिन्यांनी परत मिळाले, उरलेले नाही. बँकेनं तुम्हीच फाइल उघडली म्हणून हात वर केले. आई आठ दिवस जेवली नाही नीट. माझी कळकळीची विनंती आहे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एवढं तरी पाठ करून द्या की पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, आणि व्हॉट्सॲपवर आलेली फाइल उघडायची नाही, बँकेचं नाव असलं तरी.

---

चांदणी_चौक_रोज

@कर्वेनगर_ताई ताई तुमचं पटलं. मी सरसकट बंद करा म्हणालो ते माझ्या अनुभवावरून, पूर्ण बिल भरणाऱ्याला याचा फायदाच आहे. आईंचं वाचून वाईट वाटलं. आजच घरी फोन करून सांगतो.

---

वहीवाला_एबीसी

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रविवारी दुकान लवकर बंद करून बाबा आणि मी गेल्या मे-जूनचं स्टेटमेंट काढून बसलो. क्रेडिटनं आलेले पैसे वेगळे काढले. २,००० च्या वरची बिलं मिळून ३,१०,००० ची होती, त्यावर ६,२०० आणि जीएसटी १,११६, म्हणजे ७,३१६ गेले. बाबांना वाटत होतं पंचवीसेक हजार गेले असतील, त्यामुळे आकडा बघून जरा शांत झाले, पण ७,३१६ म्हणजे आमच्याकडच्या मुलाचा निम्म्याहून जास्त पगार आहे हेही खरंच.

मशीनवाले दादा, तुम्ही म्हणालात तसं मेल टाकला होता, आज उत्तर आलं, आमची नोंद लहान दुकानदार म्हणून बरोबर आहे आणि क्रेडिट बंद करून देऊ शकतो असं लेखी दिलंय. पण ताईंचं वाचल्यावर बाबांनीच सांगितलं की थांब, बंद नको करू. मग असं ठरवलंय की क्यूआरच्या शेजारी पाटी लावायची, मजकूर बाबांनी स्वतः लिहिला, "शक्य असल्यास रक्कम बँक खात्यातून द्यावी, क्रेडिट कार्डाने दिल्यास आम्हाला शुल्क पडते. अडचण असल्यास कार्ड चालेल." शेवटचं वाक्य मी काढू म्हणत होतो, त्यांनी काढू दिलं नाही.

रोखपाल काका, लाल खातेवही अजून आहे, माळ्यावरच्या ट्रंकेत. काल बाबांनी काढून दाखवली, १९७८ ची, त्यात आजोबांच्या अक्षरात एका शिक्षकांच्या नावापुढं लिहिलंय "जुलैत देतील". खाली रक्कम जमा, तारीख ११ जुलै.

सीएंना जीएसटीचं विचारलं, ते म्हणाले काका बरोबर सांगतायत, वजावट जवळपास नाहीच. आता एकच विचारायचं राहिलं, पाटी इंग्रजीतही लावावी का? कॉलेजची मुलं सगळीकडची येतात.